बायको कोणाला म्हणायचे?

थायलंडच्या ‘बॉइज लव्ह’ मालिका, म्हणजे दोन मुलग्यांच्या प्रेमकथा, पाहणाऱ्यांत बायका-मुलींचा भरणा मोठा आहे. अनेक मालिका ज्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या आहेत, त्यांच्या लेखिकाही बहुधा बायकाच. मला हे ओढणे समजते. इथे पुरुष हळवे होतात, रडतात, माफी मागतात. बाईच्या अंगावर कोणी हक्क सांगत नाही.

पण मैत्रिणींनो, जरा खोलात पाहू या. कितीतरी मालिकांत जोडीतल्या एकाला ‘मिया’ म्हणजे बायको म्हटले जाते. तो लाजणारा, दुसरा हक्क गाजवणारा. बाई वगळली, तरी तिची दुय्यम जागा शिल्लकच! २०१९ च्या ‘थार्नटाइप’मध्ये तर संमतीशिवाय केलेली लगटच पुढे प्रेमकथा होते. नकारात होकार शोधणाऱ्या हिंदी सिनेमाला आपण नावे ठेवली. मग इथे दोघेही पुरुष आहेत म्हणून गप्प का बसायचे?

बदल होतो आहे. २०२१ च्या ‘बॅड बडी’तले दोघे बरोबरीचे आहेत. २०२२ च्या ‘गॅप’मध्ये तर नायिकाच दोघी आहेत. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता आहे. मालिकांनी वातावरण मोकळे केले असेल, पण त्या हक्कासाठी तिथल्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे झगडल्या, हे विसरून चालणार नाही.

म्हणून या मालिकांवर बंदी नको, चर्चा हवी. मुलींच्या गटात एखादा भाग जरूर दाखवा आणि विचारा : संमती कोणी विचारली? नकार कोणी ऐकला? आणि ‘बायको’ हा शब्द कमीपणाचा का वाटला?