मीटरवरचा तो निळा दिवा

तुम्ही दुचाकी चालवत असाल तर आज एक काम करा. गाडी सुरू केल्यावर मीटरकडे बघा. तिथे एखादा छोटासा निळा दिवा लागलाय का? लागला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. नसेल लागला, तरी वाचा. कारण समोरच्याचा लागलेला असतोच.

रात्री गाडी चालवताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो विचाराल, तर खड्ड्यांचाही नाही आणि हॉर्नचाही नाही. डोळ्यांवर येणाऱ्या त्या पांढऱ्याफेक झोताचा. समोरून एखादी मोठी गाडी येते, तिचे दिवे थेट तोंडावर. आपण दोनदा डिपर देतो, म्हणजे ‘बाबा रे, दिवे खाली घे’. त्यावर समोरचा आणखी चिडून तिसरा दिवा लावतो. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाईट’ लिहिलेलं असतं ना, ते लोकांना बहुतेक नक्षीकामच वाटतं.

मागच्या महिन्यात मी आणि आई डोणज्याहून मामाकडचं जेवण करून पुण्याला परत येत होतो. खडकवासल्याच्या बाजूचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. दिवसा कणसं आणि भजी खायला गर्दी, रात्री मधल्या पट्ट्यात मिट्ट काळोख. मी चाळीसच्या वेगात होते. समोरून एक एसयूव्ही आली आणि डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा. मी नेहमीप्रमाणे त्याला दोन शब्द ऐकवले (आई मागे बसलेली असल्यामुळे सभ्य शब्द), आणि तशीच पुढे गेले.

इथे जरा थांबून हिशोब करा. चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर आपण ३३ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन बसएवढं अंतर, काही न बघता कापलेलं असतं. वय वाढतं तसा हा सावरायचा वेळही वाढतो. तुमचे बाबा ‘रात्री गाडी नको’ म्हणतात ते उगीच नाही.

पडदा सरला तेव्हा माझ्या चाकासमोर एक मावशी होत्या. डोक्यावर गवताचा भारा, हातात पिशवी, रस्त्याच्या कडेने चाललेल्या. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. स्कूटर कडेच्या मातीवर घसरली, आडवी होता होता राहिली. मावशी आणि हँडल यांच्यात वीतभर जागा उरली होती. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

मला वाटलं आता मावशी त्या एसयूव्हीवाल्याला शिव्या देणार. माझं तोंडही तयारच होतं, “बघा ना, कसे दिवे लावतात लोक!” पण मावशी माझ्या स्कूटरच्या दिव्यापुढे हात आडवा धरून म्हणाल्या, “अगं बाई, ह्यो दिवा खाली कर की! तुझ्याच उजेडानं काय दिसंना झालंय. बाजूला तरी कुठं व्हायचं माणसानं?”

मी मीटरकडे पाहिलं. निळा दिवा लागलेला होता.

तो किती दिवसांपासून लागलेला होता, हे मला सांगता येणार नाही. कारण मी तो कधी बघितलाच नव्हता. म्हणजे दिसायचा, पण मला ते गाडी सुरू असल्याचं चिन्ह वाटायचं. लायसन्सच्या परीक्षेत मला थांबण्याची आणि वळण्याची सगळी चिन्हं आली, गाडीवरचं हे एक आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, सर्व्हिसिंगला येणाऱ्या कितीतरी गाड्यांचं बटण वरच असतं. कारण साधं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी सुरू झाली की आपोआप लागतो, बंद करता येत नाही. (तरीही सिग्नलला कोणीतरी पंजा उघडमिट करून ‘लाईट चालू आहे’ सांगतंच. त्या सगळ्यांचे आभार, पण आम्हाला माहीत आहे.) दिवा लावायचा-विझवायचा प्रश्नच उरला नाही, तसं डाव्या अंगठ्याजवळच्या त्या बटणाकडे लक्ष जाणंही बंद झालं. गाडी पुसताना, पार्किंगमध्ये ढकलताना ते एकदा वर गेलं की वरच.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. साध्या हॅलोजनच्या दिव्यात बाहेरून आणलेला एलईडी बल्ब बसवला की उजेड वाढतो खरा, पण आतला आरसा त्या बल्बसाठी बनवलेलाच नसतो. त्यामुळे झोत रस्त्यावर पडायच्या ऐवजी चहूकडे फाकतो. मग दिवे खाली घेतले तरी समोरच्याच्या डोळ्यांत जायचे ते जातातच. आमच्या सोसायटीतल्या एका दादांनी हौसेने असे बसवलेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मला तर मस्त दिसतं.” बरोबरच आहे. त्यांना दिसतंच.

बाबांना ही हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या काळात गाडीच्या दिव्याला वरून काळा रंग फासायचे किंवा मधोमध काळा ठिपका असायचा. मला लहानपणी पाहिलेले ते ठिपके एकदम आठवले. मला ती नजर लागू नये म्हणून लावलेली तीट वाटायची! ती समोरच्याच्या नजरेसाठी होती, हे आत्ता कळलं.

आता मी काय करते? शहरात, जिथे रस्त्यावर दिवे आहेत, तिथे बटण खालीच. वरचा झोत फक्त मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर, आणि समोरून कोणी दिसलं की लगेच खाली. पुढे कोणाची गाडी असेल तरीही खाली, कारण त्याच्या आरशातून तो त्याच्याच डोळ्यांवर जातो. समोरच्याने दिवे खाली घेतलेच नाहीत तर त्याच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं आणि वेग कमी करायचा. त्याला धडा शिकवायला आपला वर न्यायचा मोह होतो. मलाही होतो, अजूनही. पण तेव्हा गवताचा तो भारा आठवतो.

त्या मावशींना मी नीट ‘सॉरी’सुद्धा म्हणाले नव्हते. इतकी थरथरत होते की त्याच मला म्हणाल्या, “जा आता सावकाश, आईला घिऊन.”

आणि आई? तिला गाडी येत नाही, शिकायचीही नाही. पण हल्ली मागे बसली की पदर खोचते, पिशवी मांडीवर घेते आणि माझ्या खांद्यावरून वाकून मीटर बघते. “निळा गेला का गं?” गेला म्हटल्याशिवाय ती मला गाडी हलवू देत नाही.