कानाचे पॉलिशवाले

शिर्डीत ‘पॉलिशवाला’ या शब्दाचा बुटांशी काही संबंध नाही. नगर-मनमाड रस्त्यावर बाहेरगावची गाडी जरा हळू झाली की जो माणूस खिडकीशी येऊन ‘या दादा, पार्किंग फ्री, लगेच दर्शन’ म्हणतो, तो पॉलिशवाला. तो सगळंच खोटं बोलतो असं नाही. तुम्हाला तो खरोखर मंदिराकडे नेतो. फक्त वाटेत एका ठरलेल्या दुकानात थांबवतो, तिथं पूजेचं ताट घ्यायला लावतो, आणि त्या ताटाच्या किमतीत त्याचं कमिशन असतं. ताट नसेल तरी दर्शन होतं, एवढं एकच वाक्य तो सांगत नाही. गावातल्या पोराला हे पाचवी-सहावीतच कळलेलं असतं.

मग हीच पोरं यूट्यूबवरच्या पॉलिशवाल्याच्या हाती कशी काय लागतात?

कारण तो ऑडिओवाला आहे. मागे लाकडी शेल्फ, पिवळा दिवा, हातात अ‍ॅल्युमिनियमची डबी. म्हणतो, ‘मित्रांनो, या अ‍ॅम्पने माझ्या हेडफोनवरचा पडदाच उठवला.’ खाली डिस्क्रिप्शनमध्ये लिंक. त्या लिंकवरून खरेदी झाली की त्याला टक्का मिळतो. यात बेकायदेशीर काही नाही, बरेच जण तसं लिहूनही टाकतात. पण अमुक ताट नसलं तरी दर्शन होतं, हे वाक्य इथंही गाळलेलं असतं.

मी बाहेर उभा राहून दगड मारत नाहीये. लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी करतो, आणि रात्री दोननंतर शेवटची गाडी येऊन गेली की माझा छंद सुरू होतो. तीन इअरफोन, एक तीनशे ओहमचा मोठा हेडफोन, दोन अ‍ॅम्प आणि एक डोंगल यांची उलटसुलट अदलाबदल करत तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं. घरचे याला वेड म्हणतात. असू दे. पंडित भीमसेन जोशींचा अभंग एका इअरफोनवर ऐकला तर टाळ कपाळावर वाजतात, दुसऱ्यावर तेच टाळ दोन पावलं मागे जातात आणि पखवाज पोटात उतरतो. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, पण गावात ती गाणी आपण डीजेच्या भिंतीसमोर ऐकली. त्यातल्या व्हायोलिनच्या रांगा मला पहिल्यांदा नीट दिसल्या त्या एका चांगल्या हेडफोनवर. ‘दिसल्या’ हाच शब्द बरोबर आहे.

तेव्हा हेडफोन-हेडफोनमधला फरक खरा आहे, मोठा आहे आणि तुलना करण्यासारखा आहे. गंमत अशी की त्याचा किमतीशी फार संबंध नाही. येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांच्यात नातं सापडलं नाही. म्हणजे दोन हजारांच्या आतलं मूनड्रॉप चू आवडलं म्हणून कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. ‘तुझे कान अजून तयार झालेले नाहीत’ हे वाक्य कुणी ऐकवलं, तर त्याला विकायचंय काय तेवढं बघा.

माझं भांडण अ‍ॅम्पशी आहे. म्हणजे अ‍ॅम्पभोवती रचलेल्या पोथीशी.

थोडा हिशोब करू. बाजारातल्या एखाद्या साध्या इअरफोनची संवेदनशीलता एका मिलिवॅटला १०५ डेसिबल धरा. ८५ डेसिबलवर, म्हणजे चांगल्यापैकी मोठ्या आवाजात, गाणं ऐकायला त्याला किती वीज लागते? मिलिवॅटचा शंभरावा भाग. गाण्यातला ताशाचा दणका त्याहून वीस डेसिबल वर गेला तरी पुरता एक मिलिवॅट. आणि अ‍ॅम्पच्या खोक्यावर छापलेलं असतं ‘१००० मिलिवॅट’. ते हजार मिलिवॅट खरोखर त्या इअरफोनला दिले तर हिशोबाने १३५ डेसिबल होतात. आधी इअरफोन जळेल की कानाचा पडदा जाईल, एवढाच प्रश्न उरतो. दीड हजाराच्या इअरफोनला नऊ हजारांचा अ‍ॅम्प जोडणाऱ्यांसाठी आपल्याकडे जुनी म्हण आहेच: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

अ‍ॅम्प कधीच लागत नाही, असं मी म्हणत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ पासून विकला जातोय, ३०० ओहमचा, एका व्होल्टला ९७ डेसिबल. त्याला ८५ डेसिबलसाठी पाव व्होल्ट पुरतो, पण १०५ च्या दणक्याला अडीच व्होल्ट हवेत. फोनच्या जॅकमधून किंवा साध्या डोंगलमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. इथं छोटा अ‍ॅम्प किंवा जरा ताकदीचा डोंगल हवा, बरोबर. काही प्लॅनर हेडफोनही करंट मागतात. आणि अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर अनेक ड्रायव्हरवाल्या इअरफोनचा सूर खरोखर बदलतो, कारण त्या इअरफोनचा स्वतःचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. म्हणून अ‍ॅम्पचा इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी ठेवा असा सोपा नियम आहे. हे सगळं मोजता येतं, खोक्यावर नाही तर मोजणाऱ्यांच्या आलेखांत सापडतं. पण ‘पडदा उठला’, ‘काळी शांतता’, ‘स्वरांभोवती हवा’ हे आलेखात नसतं. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतं.

‘डोळ्यांत’ हे शब्दशः घ्या. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकरची तुलना करून घेतली. आधी स्पीकर दिसत असताना, मग पडद्याआड. ऐकणारे त्याच कंपनीत काम करणारे, अनुभवी लोकही त्यात होते. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरना जास्त गुण मिळाले. पडदा ओढला आणि गुण बदलले. अ‍ॅम्पचं तर याहून अवघड. अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्क नावाच्या ऑडिओ इंजिनिअरने दहा हजार डॉलरची पैज लावली होती. दोन अ‍ॅम्प, आवाज तंतोतंत सारखा केलेला, कुणावरही ताकदीबाहेर ताण नाही. कोणता कोणता ते न बघता ओळखा. वर्षानुवर्षं लोक आले. पैसे कुणी नेले नाहीत.

मग दुकानात तुम्हाला जो फरक स्पष्ट ऐकू आला तो काय होता? बहुतेक वेळा तो होता आवाजाची पातळी. आपला कान कमी आवाजात बेस कमी ऐकतो, आवाज वाढला की बेस भरल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. एक डेसिबल वाढवला तर तो ‘मोठा’ असा जाणवतोच असं नाही, तो ‘भरीव’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असा जाणवतो. नवा अ‍ॅम्प जरा जास्त जोरात वाजतो, बाकी काही नाही.

आमच्या गावात रिक्षाच्या मागे, हॉटेलच्या बिलावर, मोबाइलच्या कव्हरवर दोन शब्द लिहिलेले असतात: श्रद्धा आणि सबुरी. या छंदात पहिल्याचा महापूर आहे आणि दुसऱ्याचा दुष्काळ. सबुरी म्हणजे इथं काय, तर मल्टिमीटर. थट्टा नाही. इंटरनेटवरून शंभर हर्ट्झचा टोन वाजवा, हेडफोन जोडलेलाच ठेवून दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट मोजा, आणि ते एका टक्क्याच्या आत सारखे करा. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. (इलेक्ट्रिशियनकडच्या अगदी स्वस्त मीटरवर एसीची लहान रेंज नसते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा मीटर मागा.) मग मित्राला पाठीमागे बसवा, त्याने नाणं उडवून अ‍ॅम्प बदलावा, तुम्ही फक्त नाव सांगायचं. सोळा वेळा. त्यातली बारा बरोबर आली तर तुम्हाला फरक कळतो असं म्हणू. नुसत्या नशिबाने बारा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत असते. आठ-नऊ आली तर तुम्ही नाणंच उडवत होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘भावा, आकडे बघू नको, कानांवर विश्वास ठेव.’ अरे, मीही तेच म्हणतोय. फक्त कानांवर. डोळे, किंमत, ब्रँड आणि त्या पिवळ्या दिव्यावर नाही. दुसरं उत्तर जरा बरं आहे: अशा परीक्षेत माणूस ताणात असतो, बारीक फरक आठवडाभर ऐकल्यावर कळतात. ठीक आहे, आठवडाभर ऐका. अ‍ॅम्प कापडाखाली झाकून ठेवा आणि सोमवारी कोणता होता ते रविवारी सांगा. तयार होणारा मला अजून भेटलेला नाही.

आता खरा मुद्दा. अ‍ॅम्पच्या खोक्यावर अजून एक आकडा असतो: सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर १२० डेसिबल. आम्ही राहतो कुठे? दिवसभर हायवेचे हॉर्न, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या हाका, रामनवमीला मुंबईहून पायी येणाऱ्या पालख्या आणि त्यांच्यासोबतचे स्पीकर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत. वाचायला छान वाटतं. यातल्या सगळ्याच आवाजाला मी गोंगाट म्हणत नाही. २०२२ मध्ये भोंग्यांचा वाद पेटला आणि काकड आरतीचा स्पीकर बंद झाला, तेव्हा तो सुरू करा म्हणणाऱ्यांत गावातले मुस्लीम रहिवासीही होते. त्या कर्ण्याला बेस नसतो, ट्रेबल फाटका असतो, आणि तरी कुणी कधी त्याच्या साउंडस्टेजची तक्रार केली नाही. पण रस्त्याचा गोंगाट ६५ डेसिबल असेल आणि तुम्ही ८० वर गाणं ऐकत असाल, तर तुमच्याकडे उरतात पंधरा डेसिबल. १२० चा अ‍ॅम्प घ्या नाहीतर ९० चा, उरणार पंधराच. ते वाढवायचे दोनच मार्ग. एक, कानात नीट बसणारी टिप. रबराची योग्य मापाची किंवा फोमची, दोन-चारशे रुपयांत मिळते आणि बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने सहज खाली आणते. त्या टिपवर दहा मिनिटांचा व्हिडिओ कुणी करत नाही, कारण दोनशे रुपयांवर कमिशन ते किती मिळणार?

दुसरा मार्ग म्हणजे आवाज वाढवणे, आणि सगळे तोच घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब असा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० असेल तर फक्त ४ तास. रात्रपाळीच्या आठ तासांत इअरफोन कानातून निघत नसेल तर सहा रात्रींचे ४८ तास झाले. म्हणजे ८० वरसुद्धा मर्यादा ओलांडली. ९० वर ऐकणाऱ्याची मर्यादा पहिल्याच रात्री, अर्ध्या पाळीत संपते. गोंगाटाने जाणारं ऐकणं बहुतेकदा चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी जातं. तिथंच टाळांची धार असते आणि स, श, च ही व्यंजनं असतात. ज्या ‘ट्रेबल डिटेल’साठी हप्ते भरायचे, नेमकं तेच. कानातल्या त्या केसांसारख्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

माझ्यासोबत पाळी करणारा एकजण आहे, तेवीस वर्षांचा, पगार चौदा हजार. त्याने व्हिडिओ बघून अ‍ॅम्प घेतला, नऊ हप्त्यांवर. जोडल्यावर म्हणाला, ‘आता भरून वाजतंय.’ वाजणारच, व्हॉल्यूम कुठे होता ते मी बघितलं होतं. गेल्या दोन महिन्यांपासून खोलीत शांत झालं की त्याच्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. गिऱ्हाइकाने खोलीचं भाडं विचारलं तर तो एकदा ‘काय म्हणालात?’ विचारतो, मग अंदाजाने उत्तर देतो. मी त्याला सांगितलं, लोणीला प्रवरा रुग्णालयात जा, ऑडिओमेट्री करून घे. दोन्ही कानांचा आलेख काढून देतात. आपण हेडफोनचे आलेख एवढे बघतो, हाही बघू. त्याने सुट्टी मागितली. मालक म्हणाले, आत्ता सीझन आहे, जानेवारीत बघू. अ‍ॅम्पचे पाच हप्ते अजून बाकी आहेत.