बग आधी शोधा, औषध मग टाका

न्यू जर्सीत घर घेतलं की लॉनही गळ्यात पडतं. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर तपकिरी डाग उमटले, की ऑफिसात लॉग वाचल्याशिवाय कोडला हात न लावणारा आपला आयटीवाला थेट दुकानात जाऊन कीटकनाशकाची पिशवी उचलतो. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

अहो, गवत वाळायला किडाच कशाला हवा? पाणी कमी पडलं, बुरशी आली, फार बुडातून कापलं गेलं, शेजारच्या कुत्र्याने रोज एकच जागा धरली, कारण काहीही असू शकतं.

नेहमीचा संशयित म्हणजे जॅपनीज बीटल. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला इथेच, रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत, १९१६ साली. त्याची अळी म्हणजे आपल्याकडे उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीची चुलत बहीण. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली. डागाच्या कडेला फूटभर लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापा, सतरंजीसारखा उलटा आणि खालच्या दोन-तीन इंच मातीतल्या अळ्या मोजा. चार-पाच निघाल्या तर चौकोन परत बसवा, पाणी घाला आणि निवांत चहा प्या. निरोगी गवत तेवढं सोसतं. आठ-दहाच्या वर गेल्या तर मात्र उपाय हवा.

डाग उन्हातल्या कोरड्या भागात असेल तर चिंच बग असू शकतो. (चिंचेशी काही संबंध नाही!) दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा डागाच्या कडेला मातीत रोवा, पाण्याने भरा. किडे असले तर पाच-दहा मिनिटांत वर तरंगतात.

उपायाची वेळही साधावी लागते. ऑगस्टमध्ये हुमणी लहान असते, तेव्हा औषधाने किंवा तिला मारणाऱ्या सूत्रकृमींनी ती आटोक्यात येते. वसंतात ती गलेलठ्ठ होते, औषधाला फारशी दाद देत नाही आणि लवकरच कोषात जाते. बागेत टांगायचे गंधसापळे तर पकडतात त्याहून जास्त भुंगे गोळा करतात.

आणि ते लॉनवाल्यांचं वर्षाचं पॅकेज! कीड असो-नसो, ठरल्या तारखेला क्रॉन जॉबसारखी फवारणी. मोजतं कोण? त्याच गवतात आपली पोरं लोळतात, त्यातल्या क्लोव्हरच्या फुलांवर मधमाश्या येतात. मधमाश्यांसारख्या परागवाहकांना जपण्यासाठी न्यू जर्सीने २०२२ साली कायदा करून घरगुती लॉनवरची निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं जवळपास बंद केली. चांगलंच झालं. पण कायदा त्या एका गटापुरता. न मोजता फवारायची आपली सवय कुठला कायदा मोडणार?

असो. हिरवंगार लॉन मलाही आवडतं. पण चार डाग दिसले म्हणून सगळ्या अंगणात विष पसरणं म्हणजे एक टेस्ट फेल झाली म्हणून अख्खा सर्व्हर फॉरमॅट करणं. बघा, पटतंय का.