किनाऱ्यावरचे पक्षी आणि उठण्याची घाई

हिवाळ्यात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर दूर उत्तरेकडून आलेले तुतवार, चिखल्या यांसारखे पक्षी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत भक्ष्य टिपताना दिसतात. छायाचित्र चांगले यावे, तर कॅमेरा त्यांच्या नजरेच्या पातळीवर, जमिनीलगत हवा. म्हणून वाळूवर बराच वेळ बसावे लागते.

ज्येष्ठांना खरा धोका बसण्यात नसून उठण्यात असतो. एकदम उभे राहिल्यास रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. रक्तदाबाची वा प्रोस्टेटची काही औषधे घेणाऱ्यांत हे अधिक घडते. घडीचे स्टूल न्यावे. उठण्यापूर्वी पाय हलवावेत, मिनिटभर थांबावे व सोबत्याचा आधार घ्यावा. भोवळ वारंवार येत असल्यास गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये. शिंपल्याची जखम बधिर पावलांना जाणवत नाही. छायाचित्रासाठी थवा उडवू नये. परतीच्या प्रवासाचे बळ पक्ष्यांना याच चाऱ्यातून मिळते.

घरच्यांनो, आजी-आजोबांचा हा छंद मोडू नका, त्यांच्यासोबत जा.