कावीळ उतरली, पण विषाणू गेला काय?

खेड्यापाड्यांतून कोणास कावीळ झाली की गळ्यात औषधाची माळ पडते, किंवा एखाद्या वैदूचा पाला पोटात जातो. काही दिवसांनी डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो, अन्नावर वासना येते, आणि वैदूची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. वस्तुतः दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ व ‘ई’ प्रकारची कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. परंतु रक्तावाटे शरीरात शिरणाऱ्या ‘सी’ विषाणूची गोष्ट निराळी आहे, आणि तीच आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१९८९ साली ओळख पटलेला हा विषाणू यकृताच्या पेशींत बिऱ्हाड करतो. पहिले काही आठवडे तो झपाट्याने वाढतो. रोग्यास मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. मग रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी जाग्या होतात. त्यांतील काही इतरांस साहाय्य करतात, तर काही विषाणूने ग्रासलेल्या पेशींवर तुटून पडतात. ह्या वेळी यकृतास येणारी सूज व क्वचित दिसणारी कावीळ ही पुष्कळ अंशी ह्याच झुंजीची खूण असते. हल्ला जोरकस, अनेक बाजूंनी व दीर्घकाळ चालला, तर सुमारे सहा महिन्यांच्या आत विषाणू समूळ नाहीसा होतो. पण हा शत्रू वारंवार रूप पालटतो. ‘टी’ पेशी थकल्या की तो कायमचा ठाण मांडून बसतो.

शंभरांपैकी सुमारे तीस जण औषधावाचून बरे होतात. स्त्रिया व कावीळ उघड दिसलेले रोगी ह्यांत हे प्रमाण अधिक आढळते. तथापि अमुक मनुष्य त्या तिसांपैकीच ठरेल, असे कोणासही आधी सांगता येत नाही.

आयर्लंडमधील मातांचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. आईचे रक्त आर्‌एच् निगेटिव्ह असेल, तर पुढील बाळास धोका होऊ नये म्हणून तिला ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन देतात. १९७७ व १९७८ साली तेथे दिलेल्या काही इंजेक्शनांत हा विषाणू मिसळला होता, हे १९९४ साली उघडकीस आले. तपासलेल्या ६२,६६७ स्त्रियांपैकी ७०४ जणींच्या रक्तात संसर्गाची खूण आढळली. त्यांपैकी ३९० जणींच्या रक्तात विषाणू अद्याप होता. उरलेल्यांच्या रक्तात तो सापडला नाही. सुमारे सतरा वर्षे कित्येक माता मुलेबाळे वाढवीत होत्या, आणि आत काय चालले आहे ह्याची त्यांना वार्ताही नव्हती!

म्हणून बरे वाटणे निराळे आणि बरे होणे निराळे. पहिल्या तपासणीत दिसणारी प्रतिद्रव्ये बरे झालेल्याच्या रक्तातही वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये व निश्चिंतही होऊ नये. खुद्द विषाणू शोधणारी आर. एन. ए. तपासणी करून घ्यावी. एकदा बरे झालेल्यासही पुन्हा लागण होऊ शकते, आणि ह्या रोगावर प्रतिबंधक लस नाही. एकदा वापरलेली सुई, दुसऱ्याचे ब्लेड व जत्रेतील गोंदण ह्यांपासून दूर राहावे.

विषाणू उरला असेल, तर आज बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत मिळते. उपचाराविना मात्र कालांतराने यकृत निबर होण्याचे व कर्करोगाचे भय असते.

आणखी एक सांगणे अगत्याचे आहे. हा रोग एका ताटात जेवल्याने, आलिंगनाने वा चर्चमध्ये एका बाकावर बसल्याने पसरत नाही. तेव्हा रोग्याचे ताट वेगळे काढून त्याचे दुःख वाढवू नये. शरीरातील रक्षणशक्ती ही परमेश्वराची देणगी आहे. आणि वैद्यासही त्यानेच निर्माण केले, अशी जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाची शिकवण आहे. एकीवर विसंबून दुसऱ्याकडे पाठ फिरविणे ही श्रद्धा नव्हे.