हरलेल्या गड्याचं गाऱ्हाणं

पोळा जवळ आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पत्त्यांचे फड बसतात. पुसद असो, दारव्हा असो की पांढरकवडा, कुठल्या तरी ओसरीत, गोठ्यामागं किंवा शेतातल्या झोपडीत तीन पत्ती सुरू होते आणि करीच्या दिवशीही उठत नाही. अशा बहुतेक फडांत एक गडी असतोच. तो डाव चालू असतानाही हरल्याचं गाऱ्हाणं सांगतो आणि पोळा सरल्यावर चहाच्या टपरीवरही तेच सांगतो. ‘मले पत्तेच लागून नाही राह्यले, भाऊ.’ सोबती आधी हसतात, मग वैतागतात आणि शेवटी त्याला टाळू लागतात. माझं आजचं सांगणं त्या गड्याला नाही, त्याच्यासोबत बसणाऱ्यांना आहे.

आधी ‘पत्तेच लागत नाहीत’ याचा हिशोब पाहू. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यातल्या 16,440 हातांत ना जोडी असते, ना कलर, ना सिक्वेन्स. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा हाती काहीच नसतं. ट्रेल तर 425 हातांत एकदा, तीही सरासरीनं. शिवाय पाच जण बसले तर प्रत्येक डावात एक जिंकतो आणि चौघं हरतात. नशीब सगळ्यांचं सारखं धरलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाचातले चार डाव हरायचेच येतात. पत्ते त्यालाच नाही, कोणालाच लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली तेरा पानी रमीत कौशल्याचा भाग मोठा मानला, पण त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचं म्हटलं. हे त्याला एकदा सांगा, पण दिवसा सांगा, फडाबाहेर सांगा. डावात ‘शो कायले मागितला’, ‘पॅक काऊन नाही केलं’ असं शिकवत बसू नका. चिडलेला माणूस ते ऐकून उठत नाही, उलट पुढची चाल दुप्पट करतो.

हे गाऱ्हाणं आजचं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. बेहड्याच्या फळांचे फासे खेळणारा तो माणूस सांगतो की सासू त्याचा राग करते, बायको जवळ करत नाही, आईबाप आणि भाऊ म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही. आता खेळायला जाणार नाही असं तो ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी आला की निघतो. शेवटी त्याला फासे सोडून शेती करायला सांगितलं आहे. बेहडा आपल्या जंगलातही आहे आणि शेती तर आपलीच आहे, म्हणून हे सूक्त मला फार जवळचं वाटतं. त्यातून एक गोष्ट नीट कळते. गाऱ्हाणं सांगितलं की मन हलकं होतं आणि हलक्या मनानं माणूस पुन्हा फडात जाऊन बसतो. म्हणून त्याचं रोज तेच ते ऐकत राहणं ही त्याला मदत नाही. एकदा मनापासून ऐका. दुसऱ्यांदा तोच विषय निघाला की सरळ विचारा, ‘आतापर्यंत किती गेले?’ डावाडावाचं दुःख सांगणारे पुष्कळ असतात, एकूण बेरीज सांगणारे थोडे. ती बेरीज त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगणं फार गरजेचं आहे.

आणि हे पैसे गेले कुठं, हेही विसरू नका. जिथं नाल काढली जाते, तिथं काही रक्कम फड चालवणाऱ्याकडे जाते आणि पुरेसे डाव झाले की बसणारे बहुतेक सगळेच तोट्यात येतात. तिथं जाऊच नका. पण घरच्या फडात त्याचे गेलेले पैसे तुमच्याच खिशात आले आहेत. ज्याच्या मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही जेवायला जाता, त्याचा पैसा तुम्ही जिंकला आहे. त्याच्या गाऱ्हाण्याचा तुम्हाला जो त्रास होतो, त्यातला काही याच्यामुळं होतो, हे मनाशी कबूल करा.

त्यातही पोळ्याचा पैसा कसा असतो, ते शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको. पोळा श्रावण अमावास्येला येतो. तेव्हा कापूस अजून झाडावर असतो आणि सोयाबीन शेतात. हाती असतात ते पीककर्जातले उरलेले, फवारणीसाठी किंवा खतासाठी ठेवलेले, नाहीतर सावकाराकडून आणलेले. कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आसपास. पोळ्याला हरणारा पुष्कळदा अजून न कमावलेला पैसा हरतो. म्हणून फडात बसायचंच असेल तर पैशाशिवाय बसा. मेंढीकोट खेळा, हरणाऱ्याकडून चहा घ्या. ज्याला पैशाशिवाय मजाच येत नाही, त्याची काळजी करायला हवी. आणि सण आहे म्हणून कायद्यात सूट असते, असं समजू नका. 1887 चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा पोळ्यालाही लागू असतो.

उसने देण्याबाबत मी कडक आहे. खेळायला एक रुपयाही देऊ नका. जुगारासाठी दिलेली उधारी आपल्या राज्यात न्यायालयातून वसूल होत नाही. पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नं रद्दबातल ठरतो, आणि त्याला जोडून दिलेल्या उधारीचा दावा मुंबई प्रांताच्या 1865 च्या कायद्यापासूनच बंद आहे. पैसा बुडतो, सोबतही तुटते. त्याच्या घरी किराणा नसेल तर किराणा भरून द्या, मुलाची फी शाळेत जाऊन भरा, पण रोख हातात देऊ नका.

आता मोबाइलवरच्या पोकर आणि रमीबद्दल. तिथं गाऱ्हाणं ऐकायला समोर कोणी नसतं, म्हणून हरलेला गप्प असतो, आणि ते जास्त धोक्याचं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा ज्याचे पैसे गेले आहेत, त्यानं भीतीपोटी लपवू नये, हे त्याला सांगा. बंदीनंतरही कोणी लिंक पाठवून खेळायला बोलावत असेल आणि त्यात पैसे अडकले असतील, तर 1930 या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार करता येते.

आणि नेहमी गाऱ्हाणं सांगणारा गडी एकाएकी गप्प झाला, रात्रीची झोप गेली, सातबारा किंवा बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं, ‘माह्या जगण्यात काय राह्यलं’ असं बोलू लागला, तर ते पत्त्यांचं गाऱ्हाणं समजून सोडू नका. आपल्या जिल्ह्यानं कर्जापायी गेलेली किती माणसं पाहिली आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे आणि त्यावर उपचार होतात. अशा गड्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं त्याला नुसतं पाठवू नका, सोबत जा.

यंदा पोळ्याला पत्ते पिसायच्या आधी फडातल्या सगळ्यांनी दोन गोष्टी ठरवा: पैसे लावायचे नाहीत आणि कोणालाही खेळायला उसने द्यायचे नाहीत. जो मागच्या वर्षी सगळ्यात जास्त हरला, त्याच्याकडे पोळ्याच्या आधीच एकदा जाऊन या.