पार्ल्यात आता मास्तर कुठे राहणार?

१९७७ साली लग्न होऊन मी विलेपार्ले पूर्वेला आले, तेव्हा आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती. पोस्टातले, बँकेतले, एक कंपाउंडर आणि माझ्यासकट तीन शिक्षक. सगळ्यांची घरं दोन-दोन खोल्यांची. वारा तसा असला की पार्ले बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास थेट स्वयंपाकघरात यायचा. १९२९ साली उभा राहिलेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर रोज एकच विषय. मराठी टक्का घसरला, बाहेरच्यांनी घरं घेतली, पार्लं आता आपलं राहिलं नाही! मला हे फारसं पटत नाही. कोणी घेतलं, कारण आपण विकलं, तेही चांगला भाव घेऊन. मुलांना अमेरिकेला पाठवलं तेही आपणच, विमानतळावर डोळे पुसत, पण अभिमानाने. मग मागे राहिलेल्या जागांत दुसरं कोणी आलं तर त्यांचा काय दोष? माझ्या शेजारी आता एक गुजराती कुटुंब आहे. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा तीन दिवस खिचडी त्यांच्याकडूनच आली.

खरा बदल भाषेचा नाही, मिळकतीचा आहे. आमच्या दोन खोल्यांची किंमत आज कोटीत सांगतात. म्हणजे मी कोट्यधीश! पण भाजी आणायची ती पेन्शनमधूनच. आणि मी आज नोकरीला लागले असते, तर शिक्षिकेच्या पगारात इथे भाड्यानेसुद्धा जागा मिळाली नसती. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई नालासोपाऱ्याहून येतात, पहाटेची लोकल पकडून. त्यांच्या सासूबाई इथेच, पार्ल्यातल्या चाळीत राहायच्या.

परवा आमच्या सोसायटीची पुनर्विकासासाठी सभा झाली. इमारत गळते, लिफ्ट नाही, माझे गुडघे बोलतात. तेव्हा नवी इमारत मलाही हवीच आहे. बिल्डरला विकायला मोठे फ्लॅट लागतात, हेही कळतं. मी एवढंच विचारलं की, विक्रीच्या घरांत चार-पाच तरी एका खोलीची ठेवता येतील का? एखादी नर्स, एखादा तरुण मास्तर राहील.

"बाई, मग आपल्या बिल्डिंगचा रेट पडेल," एकजण म्हणाला. माझाच विद्यार्थी. त्याचे वडील पोस्टात होते, आणि दोन खोल्यांत तिघा भावंडांना वाढवून त्यांनी त्याला इंजिनिअर केलं. त्या दोन खोल्या तेव्हा परवडल्या नसत्या, तर तो आज या सभेत नसता.

मी त्याला हे म्हटलं नाही. शाळेत असते तर बाकावर उभं केलं असतं!

तुम्ही म्हणाल, एका सोसायटीने चार खोल्या ठेवून काय होणार? मान्य. पण आम्हाला पार्ल्यातून कोणी हाकललेलं नाही. आम्ही आत आलो, आणि आता आतून कडी लावतो आहोत. पुढच्या सभेसाठी मी माझी सूचना लेखी दिली आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. बघू या!